हाडासाठी जागा राखणाऱ्या वसुधाताई

डॉ. वसुधाताईंची आणि माझी ओळख एका जबड्यामुळे झाली. खऱ्या नव्हे, प्लास्टरच्या.

नव्वदीच्या दशकाची ती सुरुवात होती. बुऱ्हाणपुरात शनवारा भागात एका कापड दुकानाच्या माळ्यावर माझी कवळ्या तयार करण्याची लहानशी लॅब होती. शहरातले चार-पाच दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचे माप माझ्याकडे पाठवीत. मी त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढी आणि त्या साच्यावर दात घडवी. डॉक्टर मंडळी स्वतः कधी वर येत नसत. जिना अरुंद, वर ॲक्रिलिकचा उग्र वास. कंपाउंडर डबा आणून देई आणि घेऊन जाई. त्यामुळे एका दुपारी चाळिशीच्या एक बाई रुमालात काहीतरी गुंडाळून जिना चढून आल्या, तेव्हा मला वाटले, कुणाची तरी कवळी टोचत असणार आणि या भांडायला आल्या असणार.

"मुरलीधर आपणच का? मी डॉक्टर वसुधा खोडके. राजघाटाच्या रस्त्याला दवाखाना उघडलाय."

त्यांनी रुमाल सोडून खालच्या जबड्याचा साचा माझ्या टेबलावर ठेवला. एकही दात नसलेला, पाटासारखा सपाट झालेला जबडा.

"हा बघून सांगा, माणूस केवढ्या वयाचा असेल?"

मी साचा उचलून पाहिला. कवळीला धरायला उंचवटाच उरला नव्हता. मी म्हणालो, "सत्तर तरी असतील. जास्तच, कमी नाही."

"चौतीस," ताई म्हणाल्या. "तीन लेकरांची आई आहे. सहा वर्षांपूर्वी दात हलायला लागले म्हणून कुणीतरी एकेक करून सगळे काढून टाकले. दात काढले ते ठीक, पण हाड कुठे गेलं, मुरलीभाऊ?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. खरे सांगायचे तर माझ्याही मनात कधी आला नव्हता. मागच्या फळीवर जुने साचे रांगेने ठेवलेले होते. ताईंनी एकेक उचलून विचारले, हा कुणाचा, वय काय, दात कधी काढले. माझ्या वहीत डॉक्टरांची नावे होती, दाताच्या रंगाचा नंबर होता, माल कधी द्यायचा ते होते. माणसाचे वय एकाचेही नव्हते. त्या दिवसापासून मी ते लिहू लागलो. पस्तीस वर्षांचे माझे त्यांच्याकडचे शिक्षण असे सुरू झाले.

ताई मूळच्या बुऱ्हाणपूरच्याच. वडील शाळेत गणित शिकवीत. ताईंनी दंतवैद्यकाचे शिक्षण बाहेर घेतले, मोठ्या शहरातल्या कॉलेजात पंधरा-सोळा वर्षे शिकवले, आणि वडील अंथरुणाला खिळले तेव्हा नोकरी सोडून गावी परतल्या. लग्न केले नाही. वडील गेल्यावर त्या परत जातील असे सगळे धरून चालले होते. त्या गेल्या नाहीत. कारण विचारले तर म्हणत, "तिकडे माझ्यासारखे पन्नास आहेत." यापेक्षा जास्त त्या स्वतःविषयी बोलत नाहीत, म्हणून मीही इथेच थांबतो.

त्या काळी आमच्याकडे दात काढला की काम संपले अशी समजूत होती. रुग्णाची होती आणि डॉक्टरांचीही. ताई म्हणत, दात काढला की काम सुरू होते. दाताभोवतीचे हाड हे दातासाठीच असते. दात गेला की ते झिजू लागते, आणि सर्वांत जास्त झिजते ते पहिल्या काही महिन्यांत. समोरच्या दातांच्या बाहेरच्या बाजूची हाडाची भिंत तर जाड कागदाएवढीच असते. ती घाईने दात उपटताना मोडते, नाहीतर नंतर आपोआप विरून जाते. मग तिथे खड्डा पडतो, ओठ आत जातो, आणि कितीही सुंदर दात बसवला तरी तो उपऱ्यासारखा दिसतो.

यावर उपाय म्हणून परदेशात एक नवी रीत निघाली होती. दात अलगद काढायचा, रिकामा खळगा स्वच्छ करून त्यात हाडाची बारीक भुकटी भरायची आणि त्यावर एक पातळ पडदा अंथरून हिरडी शिवून टाकायची. देशाच्या बाजारात बाहेरचा माल नुकताच येऊ लागला होता. ताईंनी मुंबईला जाऊन ही पद्धत शिकून घेतली आणि तीन पडदे मागवले. कुरिअरने आलेले ते पाकीट त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवले. पांढरा, कागदासारखा दिसणारा पण कापडासारखा वळणारा तो तुकडा पाहून मी विचारले, "हा काय हाड तयार करतो?"

"नाही हो," ताई हसल्या. "हा काहीच करत नाही. हिरडीचं मांस फार चपळ असतं, हाड फार संथ. खळगा उघडा राहिला की मांस आधी धावत येऊन जागा बळकावतं. हा पडदा त्याला बाहेर थोपवून धरतो. आत हाड आपल्या चालीनं येतं."

त्या तीन पडद्यांपैकी पहिल्याची हकीकत मला इथे सांगितली पाहिजे. ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात यशाच्या कथा असाव्यात, ही अपयशाची आहे, आणि त्या अपयशात माझा हात आहे. संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी ताईंना विचारले की हे लिहू का. त्या म्हणाल्या, "लिहिणार असाल तर सगळं लिहा."

फोपनारचे सुपडूभाऊ म्हणून एक केळीवाले शेतकरी होते. त्यांची मुलगी प्रमिला शिक्षिकेचे प्रशिक्षण पूर्ण करून आली होती आणि तुकईथडच्या शाळेत नेमणूक होण्याच्या वाटेवर होती. गावातल्या हापशावर पाणी भरताना दांडा हातातून सटकला आणि उसळून तिच्या तोंडावर बसला. वरचे समोरचे दोन दात मुळातून तुटले. सुपडूभाऊ तिला घेऊन ताईंकडे आले. ताईंनी दात वाचतात का ते आधी पाहिले, वाचण्यासारखे नव्हते. मग त्यांनी दोघांना समोर बसवून पडद्याची गोष्ट समजावून सांगितली.

सुपडूभाऊंनी सगळे ऐकून घेतले. "म्हणजे आम्ही केळीचं बेणं लावतो, आन तण आधी माजते, तसंच ना? तण दाबून ठेवलं तं केळ वर येते."

"अगदी तसंच," ताई म्हणाल्या. "पण भाऊ, ही रीत मीही पहिल्यांदाच इथे करते आहे. हे तुम्हाला माहीत असू द्या."

"तुमच्यावर भरोसा हाय, बाई. करून टाका."

ताईंनी दात काढले, पडदा बसवला, टाके घातले. हाड भरेपर्यंत प्रमिलेला दोन दातांची तात्पुरती प्लेट लागणार होती. तिचे माप माझ्याकडे आले. सोबत ताईंची चिठ्ठी होती: "दोन्ही दातांच्या खाली पोकळी ठेवा. हिरडीला स्पर्श नको."

मी प्लेट केली. पोकळी ठेवली. साच्यावर बसवून पाहिली तर दातांखाली फट दिसत होती. माझ्या हाताला असले काम रुचेना. मुलगी शिक्षिका होणार, चार लोकांत बोलणार, त्या फटीतून वारा जाणार. मी गुलाबी ॲक्रिलिकचा एक थर चढवून ती फट बुजवली, घासून चकचकीत केली आणि प्लेट पाठवून दिली. चिठ्ठी मी वाचली होती. तरीही मला वाटले, डॉक्टरांना हाडातले कळते, दिसण्यातले मला जास्त कळते.

सतराव्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला की ताबडतोब या. गेलो. प्रमिला खुर्चीत होती, ओठ सुजलेला. त्या गुलाबी थराने हिरडीवर दाब पडून ती उघडली होती, पडदा उघडा पडला होता आणि जंतू आत शिरले होते. ताईंनी पडदा काढून टाकला होता, खळगा धुतला होता. बाहेरच्या बाजूची हाडाची भिंत गेली होती. माझी प्लेट ट्रेमध्ये उलटी पडली होती. ताईंनी ती मला दाखवलीही नाही. मी पाहिली, आणि मला कळले.

सुपडूभाऊ दाराशी उभे होते. त्यांचा आवाज चढला.

"डॉक्टरबाई, तुमी म्हणल्या होत्या हाड भरून येईन. आता म्हणता, होतं ते बी गेलं. शिकाले आमचीच पोर सापडली का तुमाले?"

ताई उठून त्यांच्यासमोर गेल्या. "चूक झाली, भाऊ. तात्पुरती प्लेट खालून दाब देत होती. ती तोंडात बसवण्याआधी उलटी करून तपासणं माझं काम होतं. मी वरून पाहिली, छान दिसली, बसवून दिली. ही चूक माझी आहे."

मी तिथेच होतो. दोन पावलांवर. मी ट्रेमधल्या प्लेटकडे पाहत राहिलो.

बाप-लेक निघून गेले. मी कसाबसा म्हणालो, "ताई, ते माझ्याकडून..."

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"त्यांनी भरवसा माझ्यावर ठेवला होता, मुरलीभाऊ. तुम्हाला ते ओळखतही नाहीत." मग त्यांनी विचारले, "पण मला एक सांगा. पोकळी का भरलीत?"

"फट वाईट दिसत होती. शिकवणारी मुलगी, बोलताना वारा गेला असता."

"विचार वाईट नव्हता," त्या म्हणाल्या. "मला एकदा विचारायचं होतं."

एवढेच. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यापाशी काढला नाही. मला त्या ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते.

आमचे शहर काही फार मोठे नाही. बातमी आठवडाभरात पसरली. मी ज्यांचे काम करी त्यांतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला हसत विचारले, "क्यों मुरलीधर, सुना है मॅडमका पडदा गिर गया?" ताईंच्या दवाखान्यातली गर्दी ओसरली. उरलेले दोन पडदे कपाटात पडून राहिले. कुणाला सुचवले तर लोक म्हणत, नको, साधा दात बसवा. ताई कुणाला काही खुलासा करीत नव्हत्या. रोज वेळेवर दवाखाना उघडत आणि समोर येईल ते काम करीत. मी माप न्यायला गेलो की पूर्वीसारखाच चहा पुढे ठेवीत. तो अर्धा तसाच ठेवून मी निघत असे.

दोन महिन्यांनी एका रविवारी मी फोपनारची बस धरली. ताईंना सांगितले नाही. सुपडूभाऊंच्या बागेत केळीचा माल उतरत होता, बांधावर घडांची रास लागली होती. मी माझे नाव सांगितले, काय काम करतो ते सांगितले, आणि मग प्लेटचे सांगितले. चिठ्ठीत काय लिहिले होते आणि मी काय केले, सगळे.

सुपडूभाऊ विळा हातात घेऊन ऐकत राहिले. "मंग त्या दिवशी काहून नाही बोलला?"

"हिंमत झाली नाही."

"आन बाईंनं सगळं आपल्या आंगावर घेतलं?"

"हो."

त्यांनी विळा घडांच्या राशीवर ठेवला आणि घराकडे वळून हाक मारली, "पमे, इकडे ये वं. ऐक हे काय म्हणतात."

प्रमिला आली. तोंडावर ओढणी धरलेली. तिची तुकईथडची नोकरी सुरू झाली होती. मी पुन्हा सगळे सांगितले. तिने रागाने काही म्हटले नाही. ती म्हणाली, "मला पहिलीचा वर्ग दिलाय. मी फळ्यासमोर तोंडावर हात धरून अक्षरं म्हणते. आता माझी सगळी पोरंही तोंडावर हात ठेवूनच 'प' म्हणतात. त्यांना वाटतं 'प' तसाच म्हणायचा असतो."

सुपडूभाऊंनी मान दुसरीकडे फिरवली.

"हे पुन्हा करता येतं का?" तिने विचारले.

"ते ताईच सांगतील," मी म्हणालो. "मी सांगण्याच्या लायकीचा नाही."

पुढच्या आठवड्यात दोघे ताईंकडे आले. मी फोपनारला जाऊन आल्याचे ताईंना तेव्हा कळले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि प्रमिलेशी बोलू लागल्या. त्यांनी आधी नाहीच म्हटले. आता खळगा उरलेला नाही, खड्डा पडला आहे, त्यावर हाड उभे करणे पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड. हनुवटीतून थोडे हाड खरवडून घ्यावे लागेल, म्हणजे आणखी एक जखम. आठ-नऊ महिने थांबावे लागेल. "आणि एवढं करून जितकं होतं तितकं परत मिळेल, असं मी म्हणणार नाही. थोडं कमीच मिळेल. कदाचित काहीच नाही."

"थोडं कमी चालेल," प्रमिला म्हणाली.

ताईंनी सुपडूभाऊंकडे पाहिले. ते म्हणाले, "दात तिचे हायेत. म्या काय बोलू."

शस्त्रक्रियेच्या दिवशी ताईंनी मला बोलावले, अंगात हिरवा डगला आणि तोंडाला मास्क चढवायला लावला आणि खुर्चीच्या डोक्याशी उभे केले. "आजवर तुम्ही फक्त प्लास्टर पाहिलंत. आज आत काय असतं ते बघा."

हिरडी बाजूला केल्यावर मी ते हाड पाहिले. ओल्या मातीत अंगठा दाबावा तसा खड्डा होता. जिवंत हाड पांढरे नसते, हे मला तेव्हा कळले. ते गुलाबी असते, त्यातून रक्ताचे बारीक थेंब पाझरतात. मी बारा वर्षे जबडे घडवत होतो आणि ते दुखतात, पाझरतात, हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हते. ताईंनी हनुवटीतून खरवडलेल्या हाडाची भुकटी भरली, पडदा बेतून कापला, अंथरला. हिरडी पडद्यावरून ओढून घेताना त्यांनी इतका वेळ घेतला की मदतनीस बाईंचे पाय अवघडले. एकेक टाका घालून त्या थांबत, हिरडी ताणली तर जात नाही ना ते पाहत, मगच पुढचा.

नवी प्लेट मी त्यांच्या समोर बसून केली. तिच्या खालच्या बाजूला पांढरी पेस्ट लावून ताईंनी ती तोंडात ठेवून पाहिली. पेस्ट कुठे पुसली गेली की तिथे टेकते आहे असे समजायचे. तीनदा पुसली गेली, तीनदा मी घासली. चौथ्या वेळी पेस्ट जशीच्या तशी राहिली. दातांखाली फट होती आणि ती कुरूप दिसत होती. प्रमिलेने आरसा मागितला, पाहिले, आणि म्हणाली, "राहू द्या."

आठ महिने ती दर पंधरवड्याला तुकईथडहून येत राहिली. एकदा हिरडीची कड थोडी लाल दिसली, तेव्हा ताई सलग चार दिवस शाळा सुटण्याच्या वेळी स्वतः तुकईथडला जाऊन तिला तपासून आल्या. शाळेच्या पायरीवर बसून, बॅटरीच्या उजेडात. ती लाली उतरली.

पडदा काढायचा दिवस आला तेव्हा सुपडूभाऊ बाहेर बाकावर बसले होते आणि मी आत होतो. ताईंनी पडदा उचलला. खाली भरीव असे काही दिसले. त्यांनी तपासणीच्या बारीक सळईचे टोक त्यावर हलकेच आपटले आणि टक् असा आवाज आला. मांसावर तसा आवाज येत नाही. ताईंनी दुसऱ्यांदा आपटून पाहिले. मग त्यांनी सळई ट्रेमध्ये ठेवली आणि दोन-तीन मिनिटे नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मास्कच्या वरचे डोळे मला दिसत होते. त्याबद्दल अधिक लिहिणे त्यांना आवडणार नाही.

हाड सगळे आले नव्हते. एका बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी उणीव राहिली, आणि त्यामुळे डावा दात मला उजव्यापेक्षा किंचित लांब करावा लागला. जाणकाराला आजही दिसेल. पण ओठ भरून आला होता. पक्के दात बसवल्यावर प्रमिलेने आरसा घेतला नाही. तिने खुर्चीत बसूनच म्हणून पाहिले, "प, फ, ब, भ, म." दोनदा म्हटले. बाहेरून सुपडूभाऊंनी ऐकले आणि आत आले.

"त्या दिवशी म्या लय बोललो, बाई," ते म्हणाले.

"बरोबर बोललात, भाऊ. ते वाक्य मी विसरणार नाही."

त्या विसरल्या नाहीत. पुढे आमच्या भागातले तरुण दंतवैद्य रविवारी सकाळी त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. नेपानगर, खंडवा, रावेर इथून येत. पहिल्या दिवशी ताई त्यांना हाड, पडदा यांतले काही सांगत नाहीत. एका बापाने आपल्याला काय विचारले होते ते सांगतात आणि म्हणतात, "हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला तर उत्तर देता आलं पाहिजे. ते तयार करा, मग पुढच्या रविवारी या." काही जण पुढच्या रविवारी येत नाहीत. जे येतात त्यांना त्या दात काढायला शिकवतात. दात काढणे शिकायला आलेल्या पदवीधर डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा भाव पाहण्यासारखा असतो. पण बाहेरची भिंत न मोडता, कड न चेपता, हळूहळू सैल करत दात काढणे म्हणजे काय ते ताईंच्या हातांकडे पाहिल्यावरच समजते. हाड वाचवण्याचे निम्मे काम तिथेच होते.

आता विरघळणारे पडदे आले आहेत, ते काढायला दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागत नाही. हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवायचे रोपणाचे दात आले. ज्या ज्येष्ठ डॉक्टरांनी पडदा पडल्याची थट्टा केली होती, त्यांनी स्वतःच्या सुनेला ताईंकडे शिकायला पाठवले आणि ताईंनी तिला मन लावून शिकवले. पण ज्यांना पडद्याची गरज नाही त्यांना त्या तसे सरळ सांगतात. एक व्यापारी अक्कलदाढ काढायला आले आणि म्हणाले, "मॅडम, वो पडदेवालाही करो, जो बढिया है वही." ताई म्हणाल्या, "तिथे दुसरा दात बसवायचाच नाही, तर जागा कुणासाठी राखू?" ते गृहस्थ थोडे हिरमुसले.

ताईंबरोबर काम करणे सोपे आहे असे कुणी समजू नये. त्यांनी माझे काम जितक्या वेळा परत पाठवले तितक्या वेळा दुसऱ्या कुणीही पाठवले नाही. कामात असल्या की त्यांना जेवणाची आठवण राहत नाही आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनाही जेवायचे असते हे तर मुळीच राहत नाही. पण मला ॲक्रिलिकच्या भुकटीमुळे खोकला जडला, तेव्हा जिना चढून वर आल्या, खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवून घेतला आणि तो लागेपर्यंत मला काम दिले नाही. इंग्रजी नियतकालिकांतले लेख त्या मला मराठीत समजावून सांगत. मी दहावी नापास, पण हिरडीखाली काय चालते हे मला आज कळते ते त्यामुळे. त्यांच्या दवाखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर दात कुणी घडवला त्याचे नाव लिहिलेले असते. त्यांच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत. आमच्या धंद्यात ही रीत नाही. तो मान मला त्यांनी दिला आणि चुकलो तर लपायला जागाही ठेवली नाही.

प्रमिलाताई आता तुकईथडच्याच शाळेत मुख्याध्यापिका आहेत. या ग्रंथाला त्यांचाही लेख असावा असे मी सुचवले होते. त्यांनी कळवले की शाळेच्या कामातून वेळ मिळाला तर लिहीन, नाही मिळाला तर प्रकाशनाच्या कार्यक्रमाला येऊन बोलेन. त्या छान बोलतात.

गेल्या हिवाळ्यात ताईंची स्वतःची एक दाढ गेली. मुळाशी चीर पडली होती, वाचवता येत नव्हती. त्यांनी काढायला सांगितली ती ज्यांना रविवारी शिकवले त्यांच्यातल्याच एका डॉक्टरांना, आणि खळग्यावर पडदा अंथरून हाड राखायला सांगितले. मी सोबत गेलो होतो. त्यांची भाची पुण्याहून आली होती. ती काळजीने म्हणाली, "मावशी, पंचाहत्तराव्या वर्षी कशाला हे सगळं? पाच-सहा महिने हाड भरायला, मग रोपण, मग पुन्हा थांबायचं. एक दाढ नसली तर काय बिघडतं?"

ताई खुर्चीत आडव्या झाल्या होत्या. गळ्याशी हिरवे कापड बांधलेले, चष्मा काढलेला. डॉक्टरांनी सुई दोनदा पुढे नेली आणि दोनदा मागे घेतली. आपल्या गुरूच्या तोंडात सुई घालणे सोपे नसते.

"घाई करू नका," ताई त्यांना म्हणाल्या. "मला भरपूर वेळ आहे."

ताई, तसेच होवो. येत्या दिवाळीपर्यंत तुमची नवी दाढ बसेल. तिच्यावर पुढची पुष्कळ वर्षे शेवेचे, भाजलेल्या भुईमुगाचे आणि आमच्या चुकांचेही चर्वण होत राहो. हात स्थिर राहोत, नजर तशीच कडक राहो, आणि आमचे काम तुमच्याकडून परत येत राहो.

— मुरलीधर सोनवणे, दंत-तंत्रज्ञ, बुऱ्हाणपूर